दिवा पुरवून वापरणारी माणसं

अंधेरीचं अंबर-ऑस्कर, घाटकोपरचं ओडियन, मुलुंडचं मेहुल, बोरिवलीचं जया. पडदा अंधारला की खालून शिट्ट्या, आणि शिव्या सगळ्या वर केबिनमधल्या ऑपरेटरला. पण आपल्या उपनगरातले पडदे उजळ राहिले ते याच माणसाच्या काटकसरीमुळे.

आधी प्रोजेक्टरमध्ये बल्ब नव्हताच. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ज्योत पेटवायची आणि तिच्या झगझगाटावर सिनेमा दाखवायचा. कांड्या जळतात, मधलं अंतर वाढतं, उजेड बिघडतो. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून नजर ठेवून त्या जवळ सरकवत राहायचा. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं, तेवढ्यात शेजारचा प्रोजेक्टर तयार हवा. उरलेले तुकडेही फेकायचे नाहीत, जोडून पुन्हा जाळायचे.

1950 च्या दशकात जर्मनीत झेनॉनचा दिवा आला आणि हळूहळू आपल्याकडेही पोचला. आता गणित बघा. रोज चार खेळ, तीन-तीन तासांचे, म्हणजे 12 तास. 1000 तासांचा दिवा तीन महिनेसुद्धा पुरत नाही. आणि दिवा महागडा! मग तो पुरवायचा कसा? काचेला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून काच कमजोर होते. दर वेळी पेटवताना आतलं टोक झिजतं, म्हणून इंटरव्हलला दिवा विझवायचा नाही, फक्त झडप पाडायची. नवा दिवा कमी करंटवर चालवायचा, जुना होईल तसा करंट वाढवायचा. आडवा बसवलेला दिवा अर्धं आयुष्य झालं की फिरवायचा. खेळ संपला तरी पंखा दहा मिनिटं चालू.

पण काटकसरीलाही हद्द असते. आतला वायू थंड असतानाही प्रचंड दाबाखाली असतो. मुदत उलटलेला दिवा काळवंडतो, जास्त तापतो आणि फुटला तर महागडा आरसाही घेऊन जातो. तरी मालक म्हणायचा, "अजून एक आठवडा काढ."

मालकाचीही अडचण होतीच. करमणूक कर 45 टक्क्यांपर्यंत गेलेला, आणि 2001 च्या धोरणात करमाफी मिळाली ती नव्या मल्टिप्लेक्सना. जुन्या पडद्यांनी काटकसर करायची ती कशात? दिव्यात आणि माणसात.

2005 मध्ये यूएफओ मूव्हीजने उपग्रहावरून सिनेमा पाठवायला सुरुवात केली, तीही आपल्याच अंधेरीतली कंपनी. रिळं गेली. आता लेझर प्रोजेक्टर 20,000 तास चालतात, त्यात बदलायला दिवाच नाही. ओडियनच्या जागी मॉल आहे.

पेडर रोडच्या सिनेमा संग्रहालयात जुनी यंत्रं बघायला मिळतात. ती चालवणारा हात मात्र काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तुमच्या चाळीत, सोसायटीत एखादे जुने ऑपरेटर काका असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे चहाला जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एवढंच विचारा: "काका, दिवा किती दिवस पुरवायचात?"