नावाट्ल चित्रलिपीतील झाडे

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात 'कोडेक्स मेन्डोसा' नावाची एक पोथी आहे. १५२१ मध्ये मेक्सिको स्पॅनिशांच्या हाती गेला. त्यानंतर वीसेक वर्षांनी तेथल्याच नावाट्लभाषी चित्रकारांनी ती रेखाटली. पाने चाळू लागलो की वाटते, ही कोणा बागेची हौशी चित्रे असावीत. कोठे फुललेले शेत, कोठे दगडातून उगवलेला फड्या निवडुंग. (आमच्या बांधावरचा फड्या निवडुंगही मूळचा त्याच खंडातला.) वस्तुतः ही गावांची नावे आहेत.

शोचिमिल्को म्हणजे फुलांचे शेत. तेथे शेताच्या पट्टीवर फुले काढली की काम भागते. निवडुंगाचे तसे नाही. दगड म्हणजे 'तेत्ल' आणि निवडुंगाचे फळ म्हणजे 'नोच्त्ली'. दोन्ही मिळून झाली तेनोच्तित्लान, अझ्टेकांची राजधानी. तेच चिन्ह त्या पोथीत तेनोच नावाच्या पुढाऱ्याशीही जोडलेले आहे.

क्वाउतित्लानच्या चिन्हात तर झाडाच्या बुंध्याला चक्क दात आहेत! नावाचा अर्थ 'झाडांमध्ये'. झाड काढता येते. 'मध्ये' कसे काढावे? दाताला त्या भाषेत 'त्लांत्ली' म्हणतात. चित्रकाराने दाताचा केवळ ध्वनी उसना घेतला. 'मानकर' हे आडनाव लिहिण्यासाठी कोणी मान आणि कर काढावा, तसाच हा प्रकार. या लिपीला नुसती चित्रे म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी हे दात नीट पाहिलेच नाहीत, असे आम्हांस वाटते.

क्वाउनावाक म्हणजे 'झाडांजवळ'. त्याच्या चिन्हात झाडाला तोंड आहे आणि तोंडातून वाणीचे वेटोळे निघते. कारण 'जवळ' या अर्थाचा 'नावाक' हा शब्द कानाला 'नावाट्ल', म्हणजे स्पष्ट बोल, याच्याशी जुळतो. स्पॅनिशांच्या जिभेवर त्याचे 'क्वेर्नावाका' झाले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गाईचे शिंग! नकाशावर आज तेच नाव आहे. बोलणारे झाड पोथीत राहिले.

१५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूझ या स्थानिक वैद्याने वनौषधींचा ग्रंथ सांगितला आणि हुआन बादियानोने तो लॅटिनमध्ये उतरवला. ग्रंथ पुढे व्हॅटिकनमध्ये पोहोचला आणि १९९० मध्ये मेक्सिकोत परत आला. मजकूर लॅटिन. मात्र काही वनस्पतींच्या मुळांशी एक पट्टेदार आकृती दिसते. लॅटिन वाचणाऱ्याला ती नक्षीच वाटेल. ते 'तेत्ल'चे चिन्ह आहे: ही वनस्पती खडकाळ जागी शोधावी.