घरात बाप नाही : कोकणातले चार चित्रपट

मंडळी, विषय चित्रपटांचा आहे, पण सुरुवात आपण जनगणनेच्या एका आकड्याने करू या. थोडं विचित्र वाटेल. पुढचं सगळं त्याच आकड्यावर उभं आहे, म्हणून.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत जास्त. इथे मुली जास्त जन्माला येतात, असा याचा अर्थ नाही. मोजायला माणूस घरी गेला तेव्हा पुरुष घरात नव्हते, एवढाच अर्थ. ते मुंबईला होते. त्याच जनगणनेत आणखी एक गोष्ट दिसली. २००१ साली जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार लोक होते, दहा वर्षांनी ते १६ लाख १५ हजारांवर आले. देशाची लोकसंख्या वाढतेय आणि आपली कमी होतेय.

ही काही कालची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून त्यांना माणसं पुरवणारा जिल्हा म्हणजे रत्नागिरी. त्यात आजचा सिंधुदुर्गही आला, कारण १ मे १९८१ पर्यंत तो याच जिल्ह्याचा भाग होता. भातशेती पावसाळ्यापुरती, जमीन तुकड्या-तुकड्यांची, आणि वर खोताचा वाटा. गडी मुंबईला, बायको-पोरं-म्हातारी गावाला, मध्ये मनीऑर्डर. पाच-सहा पिढ्या हे असंच चाललं.

आता चित्रपटांकडे. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मराठीला आजवर जो मान मिळाला, तो पाच चित्रपटांमुळे : ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. पैकी ‘देऊळ’ला तो दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर वाटून मिळाला. या पाचांतले तीन कोकणातले आहेत. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण आम्ही हे तिन्ही चित्रपट एकापाठोपाठ एक पाहिले आणि त्यात ‘किल्ला’ची भर घातली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. चारही चित्रपटांत सगळा भार ज्याच्या खांद्यावर असायला हवा, तो बाप एक तर नाहीच, किंवा असून उपयोगाचा नाही. त्याची जागा दुसरं कुणीतरी घेतं. ते कोण घेतं, हा आजचा विषय.

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ मध्ये. त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. आईची भूमिका वनमालाबाईंनी केली. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये लोकांनी ज्यांना पाहिलं होतं, त्या नायिकेला अत्र्यांनी पालगडच्या ओटीवर आणून बसवलं. श्याम झाला माधव वझे.

आपण सगळे या चित्रपटाला रडलोय. पण नेमकं कशाला रडलो, ते एकदा पाहायला हवं. श्यामचे वडील मुंबईला गेलेले नाहीत, ते गावातच आहेत. वाटण्या, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांनी त्यांना असं पोखरलंय की घरात असूनही ते घर धरू शकत नाहीत. सावकाराचा माणूस दारात येऊन तोंड सोडतो, तेव्हा उत्तर द्यायला पुढे होते ती आई. लोक या चित्रपटाला संस्कारांचा चित्रपट म्हणतात. आम्हाला तो आधी कर्जाचा चित्रपट वाटतो. संस्कार हे त्या बाईकडे उरलेलं शेवटचं भांडवल आहे, कारण बाकी सगळ्यावर जप्ती येणार हे तिला कळून चुकलंय. मुलाला बाहेर शिकायला पाठवणं हा त्यातलाच हिशेब. त्या हिशेबाची किंमत मुलाने मोजली. १९१७ साली आई गेली तेव्हा गुरुजी शिकायला दूर होते, आणि घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ‘वेळेवर पोचलो नाही’ हे वाक्य कोकणातल्या किती घरांत ऐकू येतं, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

इथे जरा आडवाटेला जाऊ. इतिहासाची माला आहे, तेव्हा हे टाळता येणार नाही. श्यामचं घर खोताचं. त्या घराची पडझड आपण डोळे पुसत पाहतो. पण खोताच्या हाताखालच्या कुळाचं घर कधी पडलं, ते कुठल्या पडद्यावर आलं? मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. म्हणजे पालगड आणि आंबडवे एकाच मुलखातली गावं, काळही मागेपुढे तोच. आणि एका घराच्या दुःखावर अभिजात चित्रपट निघाला, दुसऱ्या घराचं दुःख मोर्च्यात चालत राहिलं. याचा दोष गुरुजींच्या माथी मारू नये. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते दहा दिवस उपोषणाला बसले होते. पुस्तकात एक प्रसंग आहे. रस्त्यात पडलेली मोळी एका म्हाताऱ्या महार बाईला डोक्यावर चढवून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि परत आलास की आंघोळ कर म्हणते. माया आहे आणि शिवाशिवही आहे, एकाच वाक्यात. त्या काळातल्या भल्या घराचं याहून खरं चित्र शोधून सापडणार नाही.

त्यानंतर मराठीला पन्नास वर्षं थांबावं लागलं. २००३ सालासाठीचं सुवर्णकमळ मिळालं ‘श्वास’ला. दिग्दर्शक संदीप सावंत, मूळ कथा माधवी घारपुरे यांची. कोकणातल्या खेड्यातला परशा नावाचा लहान मुलगा, त्याला नीट दिसेनासं झालंय, म्हणून आजोबा त्याला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. निदान होतं रेटिनोब्लास्टोमाचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशा आठवा.

या चित्रपटात खलनायक नाही. डॉक्टर तुटक बोलतो, पण तो वाईट माणूस नाही. त्याच्या दाराबाहेर रांग आहे. खरी अडचण शब्दांची आहे. डॉक्टर जे बोलतो ते आजोबांना कळत नाही, कळतं तेव्हा पटत नाही, पटतं तेव्हा ते नातवाला सांगायचं कसं हे सुचत नाही. तुझे डोळे जाणार, हे पोराला सांगायला जगातल्या कुठल्याच भाषेत सोपं वाक्य नाही. मग शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा परशाला घेऊन गुपचूप रुग्णालयाबाहेर पडतात. जग दाखवायला. शहरातली वर्दळ, दुकानं, जे दिसेल ते. इकडे रुग्णालयात शोधाशोध सुरू. आजोबांचं हे वागणं नियमाला धरून नव्हतं, आणि चित्रपटगृहात एकही माणूस त्यांच्या विरोधात नव्हता.

पुढे ऑस्करसाठी भारताकडून ‘श्वास’ गेला. तिकडे प्रचाराला पैसे नव्हते, तर लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी पोरांनीही हातभार लावला. गणपतीची वर्गणी काढावी तसं. कोकणी माणसाला यात नवल वाटलं नसेल. आजारपणासाठी गावाने पैसे गोळा करणं त्याला ठाऊक होतं. कारण उपचार नेहमी दूर असायचे. रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२३ साली, म्हणजे ‘श्वास’नंतर वीस वर्षांनी. मोठ्या डॉक्टरचं नाव काढलं की मुंबई, कोल्हापूर किंवा पुणे, हे आपल्याकडे अंगवळणी पडलेलं होतं.

‘किल्ला’बद्दल थोडक्यात. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलं, छायाचित्रणही त्यांचंच. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. वडील वारलेले, आईची बदलीची सरकारी नोकरी, आणि पुण्याहून गुहागरला आलेला चिन्मय. इथे माणसं उलट दिशेने येतात, शहरातून कोकणात, म्हणून तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अमृता सुभाष यांची आई श्यामच्या आईसारखी समंजस देवी नाही. ती दमते, चिडते, कचेरीतल्या राजकारणात एकटी पडते. पोराला तिचं दुःख दिसत नाही आणि तिला पोराचं. हळूहळू त्याला मित्र मिळतात, गाव आपलं वाटू लागतं, आणि पुन्हा बदलीचा हुकूम येतो. पाऊस या चित्रपटात फार सुंदर टिपलाय. हल्ली ड्रोन उडवून माड आणि किनारा दाखवला की झालं कोकण, असं चालतं. तसा हा पाऊस नाही. हा कपडे वाळू न देणारा पाऊस आहे.

आता ‘कासव’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट, २०१६ सालासाठीचं सुवर्णकमळ. निर्माते डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. मानव नावाचा तरुण जगणं नकोसं होऊन घराबाहेर पडलेला. जानकी त्याला वाटेत आजारी अवस्थेत पाहते आणि कोकणातल्या आपल्या घरी घेऊन येते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, म्हणून त्याला फारसे प्रश्न विचारत नाही. जेवायला वाढते, औषध देते, थांबते. सोबत ड्रायव्हर यदू आहे, आणि कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ.

कासवाची मादी किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा आई-बाप कुणीच नसतं. ही राखण आपल्या जिल्ह्यात खरोखर चालते, मंडणगडच्या वेळासला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ साली तिथे काम सुरू केलं. अंडी चोरीला जायची, खाल्ली जायची. त्याच गावाने पुढे कुंपण घातलं, पहारा केला, आणि पिल्लं सोडायच्या दिवसांत पाहुण्यांना घरी जेवू घालायला सुरुवात केली.

एक गोष्ट बोलावी की नाही असं आमच्यात झालं, पण बोलतोच. ज्या साने गुरुजींनी मराठी घरांना मायेची भाषा दिली, त्यांनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. अत्र्यांचा चित्रपट त्यांनी पाहिला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते वाक्य गाळलेलं असायचं, जणू ती लाज होती. मनाचा आजार हा आजार आहे, हे मराठी पडद्यावर इतक्या शांतपणे सांगायला ‘कासव’ यावा लागला, आणि मधे सहासष्ट वर्षं गेली. श्यामला आई होती. पन्नाशीतल्या गुरुजींपाशी, प्रश्न न विचारता, कोण थांबलं असतं?

राहता राहिला बाप. त्याला पाहायचं तर गाडी पकडून लालबागला उतरावं लागतं. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’, २०१० चा, जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून केलेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र बंद होत गेल्या. चित्रपटातल्या धुरी कुटुंबातले अण्णा घरात आहेत, पण आता गिरणी नाही. म्हणजे कोकणात जो बाप घरात नसल्यामुळे हरवला होता, तो मुंबईत घरात असून हरवतो. थेट श्यामच्या वडिलांसारखा.

आणि संपानंतर जे गावी परतले ते? गाळ्यातल्या पंचवीसजणांमधली वळकटी गुंडाळून, ट्रंक उचलून एसटीने आलेले? बायकोने तीस वर्षं एकटीने चालवलेल्या घरात ते पाहुण्यासारखे ओटीवर बसले. मुलांना त्यांची सवय नव्हती. त्यांच्यावरचा चित्रपट आम्हाला अजून पाहायला मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल, आत गिरणीचा पास, मनीऑर्डरच्या पावत्या, खानावळीचा हिशेब असेल, तर चहाच्या वेळेत जरा थांबा. आता प्रश्न घेऊ या.