हातानें उभारलेलें लग्न

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ या म्हणींत आपल्या वाडवडिलांचा मोठा अनुभव सांठविलेला आहे. पण तो अनुभव नेमका कसला, याचा विचार सहसा होत नाहीं. म्हण ऐकतांच आपणांस पैशाची आठवण होते. वस्तुतः जुन्या खेड्यांत घर काय आणि लग्न काय, दोन्ही पैशापेक्षां हातांनींच अधिक उभीं राहत. कोणाचे हात मिळतील, किती दिवस मिळतील आणि त्यांची फेड कशी करावयाची, हाच यजमानापुढचा खरा हिशेब असे. जेथें हात पुरले तेथें लग्न थोडक्यांत झालें. जेथें नुसत्या हातांनीं भागेना तेथें कर्ज आलें, आणि कर्जामागून पराधीनता आली. मुंबईच्या उपनगरांत आज बेताच्या खर्चांत, घरच्या मेहनतीनें लग्न करूं इच्छिणाऱ्या कुटुंबांनीं हा जुना हिशेब एकदां नजरेखालून घालण्याजोगा आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें आज रेल्वेच्या स्थानकांचीं म्हणून सर्वांच्या तोंडीं आहेत. रेल्वे येण्यापूर्वीं तीं साष्टी बेटांतील खेडीं होतीं. षट्षष्टी म्हणजे सासष्ट गांवें, त्यावरून साष्टी, अशी या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. भातशेती, मिठागरें, मासेमारी आणि ताडामाडांच्या बागा यांवर तेथील आगरी, कोळी, भंडारी, कुणबी, पांचकळशी आणि ख्रिस्ती रयतेचा निर्वाह चाले. रोकड थोडी आणि मनुष्यबळ बरेंच, अशी ही स्थिति होती. लग्नसराई येई ती भाताची झोडणी आटोपल्यावर. कारण त्या दिवसांत कणगींत दाणा असे आणि शेतांत काम नसे. मुहूर्त पंचांगांतून निघे हें खरें, परंतु पंचांगालाही शेताचें वेळापत्रक पाळावें लागे.

मुहूर्तमेढ रोवली कीं लग्न एका घराचें राहत नसे. मांडवाचे वासे आणि बांबू रानांतून येत, वर घालावयाच्या झावळ्या वाडींतून येत आणि आंब्याचे टाळे शेजाऱ्याच्या झाडावरून उतरत. जात्यावर हळद दळणें, उखळांत भात कांडणें, पापड लाटणें, मसाला कुटणें, अंगण सारवून रांगोळी घालणें हीं कामें आळींतील बायका वांटून घेत. शेकडों पानांचा स्वयंपाक करण्याजोगीं मोठीं भांडीं गांवोगांवीं बहुधा गांवकीच्या मालकीचीं असत. ज्याच्या घरीं कार्य त्यानें तीं न्यावीं आणि घांसून परत करावीं, असा शिरस्ता. ज्याला आज सजावट, भोजनव्यवस्था आणि वाद्यें म्हणतात, तीं सारीं अंगें तेव्हांही होतीं. फरक एवढाच कीं त्यांची मजुरी रोख द्यावयाची नसे. आज मी तुझ्या मांडवाला खांद्यावरून वासा आणला, उद्यां तूं माझ्या मांडवाला आण, हीच ती मजुरी.

धार्मिक विधींतही घरच्या माणसांचा वांटा मोठा होता. आगरी आणि कोळी समाजांत लग्नविधीचीं गाणीं म्हणजे धवले. तीं गाणारी वडीलधारी स्त्री ती धवलारीण. हळदीपासून वरातीपर्यंत कोणत्या घटकेला काय करावयाचें, हें तिच्या गाण्यांतून सर्वांस कळे, आणि जुन्या काळीं कित्येक ठिकाणीं लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. बोरिवली-गोरेगांवच्या रानपट्ट्यांत आणि तेथून उत्तरेस डहाणूपर्यंत पसरलेल्या वारल्यांमध्यें सवाष्णी गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहितात, धवलेरी गाणें म्हणते, आणि चौकावांचून लग्न होत नाहीं. आज ज्या वारली चित्रांच्या नकला लग्नपत्रिकांवर छापल्या जातात, त्यांचें मूळ या लग्नाच्या भिंतीवर आहे. ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील मराठीभाषी ख्रिस्ती कुटुंबांतही लग्नाच्या आदल्या दिवशीं मांडव पडे, वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचें पाणी’ आणलें जाई आणि त्या पाण्यानें वधूवरांस न्हाऊं घालण्याची रीत असे. धर्म पालटला, तरी मांडव, पाणी आणि शेजारणींचे हात तेच राहिले.

आहेराचेंही मूळ येथेंच आहे. कोणीं किती तांदूळ, किती नारळ, किती रोकड आणली हें लक्षांत ठेवलें जाई, पुढें तें वहींत लिहिलें जाऊं लागलें, आणि देणाऱ्याच्या घरीं कार्य निघालें कीं तेवढेंच परत केलें जाई. व्याज नाहीं, गहाणखत नाहीं. ही गांवाची पतपेढीच होती असें म्हटल्यास चालेल.

तथापि जुनें तें सारें सुखाचें होतें असें समजणें भाबडेपणाचें ठरेल. साष्टी ज्या ठाणें जिल्ह्यांत मोडत होती, त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत लग्नापायीं माणसें आयुष्याचीं बांधलीं जात. वारल्याच्या लग्नांत वरपक्षानें मुलीच्या बापास देज द्यावें लागे; शिवाय जेवणाचा तांदूळ आणि ताडी यांचा खर्च असे. मांडव हातानें घालतां येतो, देजाची रोकड हातानें घालतां येत नाहीं. ती रोकड जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून घेतली जाई. त्याच्या फेडीसाठीं तो तरुण धन्याच्या शेतावर राबूं लागे. पुष्कळदां त्याची बायकोही राबे. हिशेब धन्याच्या वहींत आणि वही वाचण्याची विद्या फक्त धन्यापाशीं. त्यामुळें कर्ज फिटण्याचा दिवस उगवत नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. शब्द ऐकावयास गोड आहे. अर्थ असा कीं हा लग्नानें झालेला गुलाम. मुंबई सरकारनें आदिवासींच्या स्थितीची पाहणी करविली. तिचा सिमिंग्टन यांनीं लिहिलेला अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांत या प्रथेची दखल घेतलेली आहे. पुढें १९४५ च्या मे महिन्यांत गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखालीं झरी येथें वारली जमले, आणि वेठबिगार व लग्नगडीची पद्धति यांपुढें मान तुकवावयाची नाहीं असा निश्चय त्यांनीं केला. एका दिवसाच्या उत्सवासाठीं उभा जन्म गहाण पडत होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे लग्नाचा अंदाजपत्रक हा केवळ काटकसरीचा विषय नाहीं, तो माणसाच्या मोकळेपणाचा विषय आहे, हें पटतें.

खर्चामागून येणाऱ्या पराधीनतेचा प्रश्न घाटावर याच्या पुष्कळ अगोदर निराळ्या रूपानें पुढें आला होता. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीनें पहिलें लग्न लागलें. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. ती सावित्रीबाईंची मैत्रीण बाजूबाई निंबणकर हिची कन्या. या लग्नाच्या खर्चाचा भार सावित्रीबाईंनीं स्वतः उचलला. भटजी नाहीं, हुंडा नाहीं, थाटमाट नाहीं. वधूवरांनीं चार माणसांदेखत एकमेकांस वचन द्यावें आणि मंडळींनीं तें ऐकावें, एवढाच विधि. १८८७ सालीं जोतीरावांनीं या विधीची पुस्तिका छापली. तींतील मंगलाष्टकें मराठींत आहेत आणि तीं वधूवरांनीं स्वतः म्हणावयाचीं आहेत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं त्यांचा दत्तक पुत्र यशवंत याचेंही लग्न याच पद्धतीनें झालें. जें लोकांस सांगितलें तें घरांत करून दाखविलें, ही गोष्ट कोणत्याही उपदेशाहून मोठी आहे.

याच सुमारास, १८७५ च्या मे महिन्यांत, सुपें येथून पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यांची चौकशी करणाऱ्या कमिशनपुढें रयत लग्नांत उधळते म्हणून बुडते, असा सूर निघाला होता. परंतु लग्नखर्चाला कर्जाचें कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलें जातें, असाच अभिप्राय कमिशननें नोंदविला. हा मुद्दा विसरूं नये. गरिबाच्या घरचें चार दिवसांचें कार्य म्हणजे त्याची उधळपट्टी, असें सुखवस्तु माणसानें झटकन् म्हणणें अन्यायाचें आहे. दोष उत्सवाचा नव्हता. ज्या अटींवर उत्सवासाठीं पैसा मिळे, त्या अटींचा होता.

आणि खर्च कमी करणें हें दिसतें तितकें सोपेंही नव्हतें. भटजीस न बोलावतां लग्न लावलें, तरी गांवच्या जोशाचा वतनी हक्क राहीच. जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथें १८८४ च्या सुमारास सत्यशोधकांनीं आपलीं लग्नें आपण लावलीं, तेव्हां तेथील जोशांनीं दक्षिणेसाठीं कोर्टांत फिर्याद केली आणि प्रकरण वर्षानुवर्षें चाललें. जें काम करवून घेतलें नाहीं त्याचेही पैसे द्यावयाचे, असा हा पेंच होता. तो कायद्यानें सुटला १९२६ सालीं. ज्यांनीं १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत आणला, त्याच सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नानें न बोलावलेल्या वतनी जोशास दक्षिणा मागण्याचा हक्क उरला नाहीं. पहिल्या सत्यशोधक लग्नापासून या कायद्यापर्यंत ५३ वर्षें गेलीं. साधें लग्न करण्याच्या मोकळिकीला इतकी किंमत पडली आहे.

इकडे साष्टीचें रूप पालटत होतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली. १८६७ सालीं विरारहून मुंबईस गाडी जाऊं लागली. १९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यांत आला, आणि १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. कचेरींत नोकरी करणारीं कुटुंबें गिरगांव-दादर सोडून उपनगरांत राहावयास आलीं. त्यांच्या हातीं महिन्याची रोकड होती. पण गांवची आळी मागें राहिली होती. मांडवाला वासे आणणारा शेजारी उरला नाहीं, म्हणून मांडव भाड्यानें आला. जात्यावर बसणाऱ्या शेजारणी उरल्या नाहींत, म्हणून आचारी आला. लग्न महाग झालें तें केवळ हौसेमुळें नव्हे. हात दुर्मिळ झाले म्हणून.

तरीही हाताच्या कामाचा मान अजीबात गेला नाहीं. रुखवत पाहावें. एके काळीं तो वरपक्षाकडे न्यावयाचा फराळ होता. शहरांत आल्यावर विणकाम, भरतकाम आणि मण्यांच्या वस्तू मांडण्याची जागा होऊन बसला. स्वातंत्र्याच्या चळवळींत खादीच्या लुगड्यानें आणि सुताच्या माळेनें लग्नें लागलीं. २६ मार्च १९४२ रोजीं अलाहाबादेस इंदिरा नेहरू यांचें लग्न झालें, तेव्हां त्यांनीं नेसलेली साडी वडिलांनीं तुरुंगांत कांतलेल्या सुताची होती. १९४० सालीं पुण्यास हातकागदाचें केंद्र निघालें. पुढें १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां मोठ्या पंगती आपोआपच आवरल्या. लग्नें मात्र थांबलीं नाहींत. पंगत लहान झाली म्हणून कोणाचें लग्न कमी प्रतीचें ठरलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानें वाट आणखी मोकळी केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होऊं शकतें. १९६१ सालीं हुंड्यास कायद्यानें बंदी झाली, आणि १९७६ सालीं वेठबिगारीवर देशभर बंदी आली. कायद्याच्या दृष्टीनें लग्नासाठीं कोणीही कर्जबाजारी होण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. उरलें आहे तें लोक काय म्हणतील याचें भय.

या इतिहासापासून आजच्या घरानें काय घ्यावें? पहिली गोष्ट म्हणजे यादी पैशाची करण्यापूर्वीं हातांची करावी. कोण फुलें बांधील, कोण पत्रिका लिहील, कोण वाढील, कोण भांडीं आणून परत पोंचवील, हें नांवानिशीं ठरलें कीं पाहुण्यांची संख्या आपोआप ठरते. कारण घरचे हात जेवढ्यांना पुरतील तेवढींच पानें मांडावयाचीं. दुसरी गोष्ट, दोन्ही पक्षांची संमति आधीं हवी. एका बाजूनें काटकसर आणि दुसऱ्या बाजूनें मानपान, असें झालें तर बचत होत नाहीं, भांडण होतें. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गांवच्या मांडवांतील ‘हात’ म्हणजे बहुतांशीं बायकांचे हात होते. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहींत झाली नाहीं. घरगुती लग्नाच्या नांवाखालीं घरच्या स्त्रियांनीं महिनाभर राबावें आणि पुरुषांनीं हिशेबाच्या बचतीचें कौतुक करावें, हें स्वस्त लग्न नव्हे. त्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला आहे. लाटणें आणि झारा पुरुषांनींही हातीं घ्यावा. आणि शेवटीं, जें हातानें होत नाहीं तें रोखीनें घ्यावें, उधारीनें घेऊं नये. आणि रोख पुरत नसेल तर तें अजीबात घेऊं नये.

साष्टीच्या धवलारणीनें, डहाणूच्या लग्नगड्यानें आणि पुण्याच्या सावित्रीबाईंनीं आपल्यासाठीं ठेवलेला हिशेब इतकाच आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं ज्या घरांत कोणाचें देणें राहत नाहीं आणि शेजाऱ्याच्या कार्याला जाण्याचें ऋण तेवढें राहतें, त्या घराचा मांडव थोर.