शुक्रवार की मंगळवार?

तारीख दिली की वार सांगणारा प्रोग्राम नवशिक्यांना पहिल्या काही धड्यांतच लिहायला देतात. ख्रिश्चन त्सेलरने १८८०च्या दशकात मांडलेलं सूत्र घ्यायचं, सातने भागायचं, बाकी पाहायची. कारखान्यांत पाळ्या लावायला एवढा हिशेब पुरतो. मराठ्यांच्या इतिहासात मात्र गाडं उलटं चालतं. तिथे जुन्या कागदातल्या वारावरून प्रोग्रामच तपासून घ्यावा लागतो. पायथॉन या संगणकभाषेला शिवाजी महाराजांच्या जन्माच्या, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० या तारखेचा वार विचारला तर तो मंगळवार सांगतो. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत, शिवजन्माची नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. गणितात चूक कोणाचीच नाही. पोपने १५८२ साली सुधारलेली कालगणना पायथॉन सरसकट मागे ताणतो, तर आपली १९ फेब्रुवारी ही इंग्रज तेव्हा पाळत त्या जुन्या ज्युलियन गणनेतली. नव्या गणनेने तोच दिवस १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. इंग्लंडने १७५२च्या सप्टेंबरात २ तारखेच्या बुधवारनंतर एकदम १४ तारखेचा गुरुवार धरला. तारखा अकरा गळाल्या, वार एकही गळाला नाही. युनिक्स संगणकप्रणालीतल्या, दिनदर्शिका दाखवणाऱ्या जुन्या ‘कॅल’ आज्ञेत ही उडी घातलेली असल्याने तिला फेब्रुवारी १६३० विचारला तर १९ तारखेखाली शुक्रवार दिसतो.

यावर कोणी म्हणेल, शकावली लिहिणाराच वारात चुकला नसेल कशावरून? शंका रास्त आहे, कारण नुसता वार सातात एकदा योगायोगानेही जुळतो. पण इथे साक्ष एकट्या वाराची नाही. वद्य तृतीया म्हणजे पौर्णिमेनंतरचा तिसरा चांद्रदिवस, आणि चंद्राची गती मागे मोजत नेली की तीही त्याच शुक्रवारी येऊन ठेपते. स्वामीकन्नू पिल्ले यांच्या पंचांगकोष्टकांनी, त्याआधी १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांच्या ग्रंथाने, हा पडताळा संगणकाविना घेण्याची सोय करून ठेवली होती. जंत्री हाताशी ठेवून काम करणाऱ्या संशोधकाला कालगणना कोणती हे आधी ठरवावंच लागे. प्रोग्राम ते न विचारता ठरवून मोकळा होतो.

राज्याभिषेकाचा पेच याहून नाजूक. शकावली म्हणते, शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले. आपण पाळतो ती तारीख ६ जून १६७४. ज्युलियन हिशेबाने तो शनिवार. म्हणजे कालगणना बरोबर निवडूनही वार चुकतो! कारण तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटं, सूर्योदयाला अजून तेवढा अवकाश होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. रात्रपाळीच्या कामगाराची हजेरी पाळी सुरू झाली त्या तारखेवर लागते, तसाच हा प्रकार. त्या पहाटे रायगडावर शुक्रवार सरला नव्हता आणि तिथेच हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनच्या हिशेबी शनिवार लागला होता. गोव्याच्या पोर्तुगीजांनी नवी कालगणना केव्हाच स्वीकारली होती, त्यांच्या लेखी ती १६ जूनची पहाट.

१७५२ नंतर निदान कालगणनेचा घोळ मिटतो. १४ जानेवारी १७६१, पानिपत: पायथॉन, कॅल आणि पौष शुद्ध अष्टमी सांगणारे मराठी कागद, सगळे बुधवारच म्हणतात.