दिल्लीतील समुद्र

दिल्लीकर मराठी माणसाला समुद्राची हुरहूर लागावी, ही तशी नवलाचीच गोष्ट. आपल्यापैकी कित्येक मंडळी विदर्भ-खानदेशातून आलेली, म्हणजे मुळातच समुद्राला पारखी. तरीही सावरकरांची सागरावरची कविता इथल्या एखाद्या कार्यक्रमात कोणी म्हणू लागले की सभागृह स्तब्ध होते. ही ओढ केवळ कवितेपुरतीच आहे, की राजधानीच्या दगडाधातूंतही तिची काही खूण सापडते, हे पाहावे म्हणून आम्ही चार-सहा स्नेह्यांनी एक वाट आखली. काश्मिरी दरवाजाजवळच्या वासुदेव घाटावरून निघायचे आणि कर्तव्यपथाच्या कालव्यांच्या कडेने राष्ट्रीय युद्धस्मारकापर्यंत जायचे.

वासुदेव घाट २०२४ साली लोकांसाठी खुला झाला. छत्र्या, पायऱ्या, हिरवळ अशी त्याची बैठी, देखणी रचना आहे. पाण्याविषयी मात्र न बोललेलेच बरे. घाटाचे नाव ज्या कथेवरून आले, ती नदी ओलांडण्याची कथा आहे: टोपलीत बालक घेऊन बाप पैलतीराला जातो. नदीचे काव्य बहुधा असेच असते. त्यात पैलतीर दिसत असतो. समुद्राच्या काव्याला पैलतीर नसतो, आणि म्हणूनच त्याचा मूळ रस विरहाचा होतो.

मराठीत हे समुद्रकाव्य उशिरा आले. आमच्या संतांना सागर ठाऊक नव्हता असे नव्हे. पण त्यांचा सागर हा भवसागर, तरून जाण्यासाठी असलेला. शाहिरांच्या पोवाड्यांत घोड्यांच्या टापा भरपूर, गलबतांची शिडे क्वचितच. खरा समुद्र मराठी कवितेत शिरला तो १९०९ साली इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर, जेव्हा मायदेशापासून तुटलेल्या सावरकरांनी सागरालाच जाब विचारला. पुढे कुसुमाग्रजांनी ‘विशाखा’त (१९४२) कोलंबसाच्या तोंडी गर्वगीत घातले, आणि दुराव्याच्या जागी आव्हान आले. गद्याने मात्र कवितेच्या पुष्कळ आधी समुद्राची दखल घेतली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. दगडाने तर त्याहूनही आधी: बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. त्या वीरांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. पण त्यांच्या नौका शतकानुशतके त्या शिळांवर चालतच आहेत.

घाटावर उभे असताना एक जुना सल आठवल्यावाचून राहत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणारे इंग्रज होते, पण त्यांना साथ पेशव्यांची होती. त्यानंतर साडेचार वर्षांनी सदाशिवरावभाऊ दिल्लीत दाखल झाले, तेव्हा मराठ्यांची वाट अडवून उभी होती ती ही यमुना. अब्दाली पलीकडे, मराठे अलीकडे, मधे पावसाळ्याचा पूर. नावा जमविण्याविषयी भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिले, पण पूर उतरेपर्यंत नदी काही ओलांडता आली नाही. ऑक्टोबर अखेरीस अब्दालीच बागपताशी उतार शोधून अलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. विजयदुर्गाची समुद्री गलबते यमुनेत आणता आली असती, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या राज्याच्या संस्थापकाने मालवणसमोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा केला, त्याच राज्याने उत्तरेकडे तोंड करताना पाण्याकडे पाठ फिरवली, एवढे तरी कबूल करावे लागेल.

कर्तव्यपथाच्या कालव्यांचे पाणी संथ असते. त्यांच्या कडेने इंडिया गेट ओलांडले की युद्धस्मारक लागते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एकात एक अशी चार वर्तुळे, मधोमध स्तंभ आणि ज्योत. त्यांतील वीरता चक्राच्या छायेतल्या भिंतीवर ब्राँझची सहा उत्थितशिल्पे आहेत. पाच शिल्पे जमिनीवरच्या आणि बर्फावरच्या पराक्रमांची. सहावे समुद्राचे.

हे शिल्प ‘ऑपरेशन ट्रायडंट’चे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, वीर आणि निपात या तीन क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला चढविला. किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, लांबचा पल्ला न झेपणाऱ्या या लहान नौका शत्रूच्या मुख्य बंदरापर्यंत नेणे हेच मुळी धाडस होते. ४ डिसेंबर हा नौसेना दिन म्हणून पाळला जातो तो याच मोहिमेमुळे. या तुकडीचे नेतृत्व करून महावीरचक्र मिळविणारे कमांडर बब्रुभान यादव हे मूळचे रेवाडीकडचे. म्हणजे ज्या कोरड्या मुलखाची आज राजधानी क्षेत्रात गणना होते, तिथले!

आणि हा समुद्र धातूत घडविणारा हातही कोरड्या मुलखातलाच. राम वनजी सुतार यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते दिल्लीस आले आणि पुढे नोएडात स्थिरावले. डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कीर्तीच्या आरंभी पाणी आहे आणि अखेरीसही. गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ नदीला ४५ फुटी मातेचे रूप दिले आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन बालके केली. नर्मदेच्या पात्रालगत सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा त्यांच्याच आराखड्यातून उभा राहिला. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा नव्या पुतळ्याचे काम नोएडातील सुतारांच्याच शिल्पशाळेकडे आले. ६० फुटांची ती मूर्ती मे २०२५ पासून सिंधुदुर्गाच्या समुद्राला सामोरी उभी आहे. ज्या दिल्लीच्या वाटेवर मराठ्यांना समुद्राचा विसर पडला, त्याच दिल्लीच्या वेशीवरून छत्रपतींची मूर्ती समुद्राकडे निघाली. एवढा योगायोग इतिहास क्वचितच घडवून आणतो.

तरीही खरे समुद्रकाव्य पाहायचे तर वीरता चक्रात न थांबता त्याग चक्रात जावे. इथे शिल्प नाही, अलंकार नाही. ग्रॅनाइटच्या विटा आहेत आणि विटेवर एकेक नाव. स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे इथे सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाणतीराने बुडालेल्या ‘खुकरी’वरील १८ अधिकारी आणि १७६ नाविक त्यांतच आहेत. जहाज सोडून जाण्यास नकार दिलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही आहेत. त्यांची समाधी समुद्राच्या तळाशी आहे. तिथे फूल वाहता येत नाही. म्हणून लोक इथे येतात, विटांच्या ओळींतून बोट फिरवीत एखादे नाव शोधतात आणि सापडले की तळहात टेकवून काही क्षण उभे राहतात. दुपारच्या उन्हात तो ग्रॅनाइट चांगलाच तापलेला असतो.