हेवा नव्हे, जात!

हुशार माणसाचा सोबतच्यांना हेवा वाटतोच, तो मनुष्यस्वभाव आहे, असे सांगून आपल्याकडे बरेच प्रश्न दडपले जातात. मला हे पटत नाही. हेवा वाटायला समोरचा आधी बरोबरीचा मानावा लागतो.

1918 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला सत्तावीस वर्षांचा तरुण. त्यांचे शिकवणे असे की पुढे दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही वर्गात येऊन बसू लागले. मग काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. कशावर? अर्थशास्त्रावर नाही. तिथे बोलायला अभ्यास लागतो! प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी ते पितात, यावर.

याला कोणी व्यावसायिक असूया म्हणेल. मग आदल्याच वर्षीचे बडोदे आठवा. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत, प्यायला पाणी मिळत नसे. त्या शिपायाची बाबासाहेबांशी कसली स्पर्धा होती? पदवीधर प्राध्यापक आणि शिपाई, दोघांची हरकत एकाच पाण्यापाशी येऊन थांबते. बाबासाहेब गावकुसाबाहेर राहिले असते तर यांपैकी कोणाचेच काही बिघडले नव्हते. विद्वत्तेने त्यांना त्या खोलीत आणले, तेव्हाच भांडे विटाळू लागले.

आज भांडे बदलले आहे. पहिल्या आलेल्या आपल्या पोरीला अभिनंदनाच्या आधी विचारतात, "कोट्यातून का?"