मृदंगाच्या नावे खर्च

शताब्दी ग्रंथासाठी दिंडीच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या आम्ही काढून चाळल्या. भिशीचा शिधा, राहुटीची दोरी-खुंट्या, कंदिलाचं रॉकेल, सगळं पै-पैशानं लिहिलेलं. मृदंगाच्या नावेही खर्च आहे : पुडी बदलली, शाई भरून आणली, वादी ओढली. डाव्या तोंडाला लावायची कणीक भिशीच्या परातीतूनच उचलत, तिचा हिशोब अर्थात नाही. वाजवणाऱ्याच्या नावे मात्र एक पैसाही पडलेला नाही.

यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, ही तुकोबारायांची ताकीद. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथले विद्यार्थीही माधुकरीवर राहून शिकले. पण मृदंग्याचं पोट कशावर चालायचं, हे आम्ही विचारलं नाही.

पहिले मृदंगी शेतकरी. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. पेरणीचे दिवस नेमके हेच. वापसा कुणासाठी थांबत नाही. हे मृदंग गळ्यात अडकवून चालू लागायचे आणि तिफणीमागं घरची माउली राबायची.

त्यांच्यानंतरचे गिरणगावातले. (नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय.) पाळी सुटली की चाळीतल्या मंडळात रात्री भजन, आषाढीला बिनपगारी रजा. गिरणीचा पगार होता म्हणून दिंडीत मृदंग फुकट वाजला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढं ते गावी आले आणि सप्ताहात बिदागी घेऊ लागले. आमच्यातल्याच काही जणांनी बैठकीत टोमणा मारला, "माळ घातलीय ना?" ते म्हणाले, "माळ गळ्यात हाय, पोटात न्हाई." त्या वर्षी ते वारीला आले नाहीत. टोमणा मारणाऱ्यांत हे लिहिणारेही होते.

आत्ताचा मुलगा आळंदीत शिकलेला. हात असा गोड, की दिवेघाटाच्या चढावरही टाळकऱ्यांची लय सुटत नाही. पंडित भीमसेन जोशींच्या 'संतवाणी'नं अभंग नाट्यगृहात नेला, तसं पखवाजवाल्यांनाही तिकडं काम मिळू लागलं. पण अशा कार्यक्रमांची गर्दी आषाढी एकादशीच्या आसपासच! ऐन वारीत त्याला बोलावणी येतात. गेली दोन वर्षं तो लोणंदपर्यंत चालतो, पुण्या-मुंबईचे कार्यक्रम करतो आणि वाखरीला येऊन मिळतो. मधल्या मुक्कामांना एक शाळकरी पोरगा वाजवतो. त्याचा ठेका पळतो, विणेकरी डोळे वटारतात.

त्याला दिंडीनं मानधन द्यावं का, यावर दोन बैठका झाल्या. दिलं तर तो ठरवून आणलेला माणूस होईल, असं जुनी मंडळी म्हणाली. तो स्वतःही नकोच म्हणाला. "पैसे घेतले की लोणंदला मला जाऊ द्यायचं का न्हाई, ते तुम्ही ठरवणार."

शेवटी नव्या वहीत 'मृदंगी, प्रवासखर्च' असा रकाना आखला. लोणंदहून जायचं आणि वाखरीला यायचं एसटीचं भाडं तरी दिंडीनं द्यावं, एवढंच. त्यानं अजून तिकिटं आणून दिलेली नाहीत.